कट्यार आणि तिची धार

(लूक २२.३५-३८ व ४७-५१ हे भाग प्रथम वाचावे.)



एका खेड्यांतील उपदेशक बंधूंनीं आम्हांस एक प्रश्न लिहून पाठविला आहे. त्यांच्या मंडळींतील एका तरुणाचें शेजारच्या शेतकऱ्याशीं बांधावरून वैर पडलें. एके रात्रीं त्याच्या उभ्या ज्वारींत कोणीं तरी गुरें सोडलीं, आणि पुढें विहिरीवर त्याच्या धाकट्या भावास हातपाय मोडण्याची धमकी मिळाली. तेव्हां ह्या तरुणानें दोन शेळ्या विकल्या, तालुक्याच्या बाजारांतून एक कट्यार विकत आणिली, व ती साणेवर दोन्ही अंगांनीं पाजवून घेतली. आतां ती तो सदऱ्याखालीं कमरेस बांधून फिरतो. रविवारीं उपासनेस येतो तेव्हांही ती त्याच्या कमरेस असते. उपदेशकांनीं हटकिलें तेव्हां त्यानें लूककृत शुभवर्तमानाचा बाविसावा अध्याय उघडून दाखविला. ज्याच्याजवळ तरवार नाहीं त्यानें आपलें वस्त्र विकून ती घ्यावी, असें खुद्द प्रभूनेंच शिष्यांस सांगितलें आहे. मग मीं शेळ्या विकल्या तर माझें काय चुकलें, असा त्याचा सवाल आहे. उपदेशक बंधु लिहितात कीं, ह्यास काय उत्तर द्यावें तें त्या वेळीं मला सुचलें नाहीं.

हा तरुण टवाळ नाहीं. तो भ्यालेला आहे, आणि शास्त्र उघडून बोलत आहे. अशा मनुष्यास एका वाक्यानें गप्प करणें हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. म्हणून आपण सावकाशीनें बोलूं.

प्रथम ती वस्तुच नीट पाहूं या. पुष्कळांनीं कट्यार चित्रांत किंवा नाटकांत पाहिली असेल, पण हातांत धरिली नसेल. सुऱ्याची किंवा खंजिराची मूठ पात्याच्याच रेषेंत मागें निघते. कट्यारीचें तसें नाहीं. तिच्या पात्यामागून दोन समांतर पट्ट्या निघतात, व त्यांच्यामध्यें आडव्या दांड्या, बहुधा दोन, बसविलेल्या असतात. ह्या आडव्या दांड्या मुठींत आवळल्या म्हणजे त्या पट्ट्या मनगटाच्या दोहों बाजूंस येतात, आणि पातें मुठीच्या पुढें सरळ निघतें. जणूं मनुष्याच्या मुठीसच पोलादाचें टोंक फुटलें. हात जेथें ठोसा मारील तेथें पातें जातें, व अंगाचा सगळा भार त्याच्या मागें असतो. जुने कारागीर पुष्कळ कट्यारींचें टोंक मुद्दाम जाड ठेवीत, तें ह्याकरितां कीं चिलखताच्या कड्यांतून तें न मोडतां आंत शिरावें. हिचे जुने नमुने दक्षिणेंत विजयनगरच्या राज्यांतले सांपडतात. पुढें मोगल व रजपूत दरबारांत सरदार लोक ती कमरेच्या शेल्यांत खोवीत, आणि अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरींत शस्त्रांची जी यादी आहे तींत ती 'जमधर' ह्या नांवानें आली आहे. दक्षिणेंत युरोपांतून आलेल्या तरवारींचीं पातीं कापून तीं कट्यारींस बसविण्याचीही चाल होती. तंजावरच्या शस्त्रागारांतील सुंदर नकशीच्या कट्यारी चेन्नईच्या सरकारी संग्रहालयांत ठेविलेल्या आहेत. कारागिरी म्हणून ती वस्तु वाखाणण्यासारखी आहे, हें आम्ही नाकबूल करीत नाहीं.

पण तिला एकच काम येतें. विळ्यानेंही मनुष्य मारितां येतो, कुऱ्हाडीनेंही येतो. काइनानें कशानें मारिलें तें शास्त्रांत लिहिलेलेंच नाहीं. तथापि विळा घडविणाऱ्या लोहाराच्या मनांत गवत असतें, व कुऱ्हाड घडविणाऱ्याच्या मनांत लांकूड. कट्यारीनें कणीस खुडतां येत नाहीं, भाजी चिरतां येत नाहीं, सरपण फोडतां येत नाहीं. जवळ उभ्या असलेल्या मनुष्याच्या अंगांत खुपसावी ह्या एका कामासाठींच तिचा सगळा घाट आहे. शिवाय ती धरण्यास मूठ आवळावी लागते, आणि ती हातांत आहे तोंवर त्या हातानें दुसरें कांहींच करितां येत नाहीं. भाकर मोडतां येत नाहीं, लेकराचें बोट धरितां येत नाहीं. आपल्या मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या वेळीं भाकरीचा तुकडा तळहातावर घेण्याची रीत आहे. त्या तरुणानेंही तो घेतला असेल. त्या क्षणीं त्याच्या कमरेस काय होतें व पुढें केलेल्या तळहातावर काय होतें, हें त्याच्या मनास आलें असेल काय, असें आम्हांस राहून राहून वाटतें.

आतां धार लावण्याविषयीं. कट्यारीच्या पात्याच्या मध्यें बहुधा शीर उंच असते व दोहों कडांकडे उतार असतो. म्हणून एका धारेस दोन अंगें, व दोन धारांस चार. प्रत्येक अंग दगडावर पाणी किंवा तेल घालून एकाच कलानें ओढावें लागतें. आधीं खरखरीत दगडावर, मग मऊ दगडावर. कल बदलला कीं धार बोथट व गोल होते. एक अंग घांसलें कीं धारेचा तलम काठ पलीकडे उलटतो व तो बोटास खरखरीत लागतो; मग दुसरें अंग घांसून तो काढावा लागतो. फिरत्या कोरड्या साणेवर घाई केली तर पातें तापून निळें पडतें, लोखंडाचें पाणी उतरतें आणि धार टिकत नाहीं. ज्यानें कोयता पाजविला आहे त्यास ह्यांत नवें कांहीं नाहीं. पण कोयता पाजवितांना शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढें ऊस असतो. कट्यार पाजविणाऱ्याच्या डोळ्यांपुढें काय असतें? तो घटकान् घटका एका मनुष्याच्या पोटाचा विचार करीत बसलेला असतो. त्या मनुष्याचें नांव त्यास ठाऊक असतें, त्याचें घर ठाऊक असतें, बहुधा त्याच्या मुलांचीं नांवेंही ठाऊक असतात. प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत खुनाचा विचार करितांना खुनापासून आरंभ केला नाहीं, भावावर उगीच रागावण्यापासून केला (मत्तय ५.२१-२२). बंधूंनो, लोखंडास धार येण्यापूर्वींच मनास ती आलेली असते, आणि दगडाच्या प्रत्येक घांसणीबरोबर ती वाढते. कट्यार उद्यां गंजून जाईल. परंतु त्या बैठकींत मनास जी संवय लागली ती तशी जात नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते, ती उपदेशाची नव्हे, व्यवहाराची आहे. बाजारांत मिळणाऱ्या पुष्कळ कट्यारी भिंतीवर शोभेस लावण्यासाठीं केलेल्या असतात. त्यांचें लोखंड मऊ असतें, त्यांस नीट पाणी दिलेलें नसतें, व मूठ पितळेची ओतीव असते. शेळ्या विकून गरीब मनुष्य जें घेतो तें कित्येकदां शस्त्रही नसतें. तें केवळ शस्त्राचें सोंग असतें. परंतु समोरच्या मनुष्यास तें सोंग दिसत नाहीं. त्यास कट्यार दिसते, आणि तो कुऱ्हाड उचलतो.

कायद्याचेंही दोन शब्दांत सांगून टाकितों. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचीं व घरकाम, शेती किंवा धंदा ह्यांच्या उपयोगाचीं नसलेलीं धारदार हत्यारें वेगळीं गणलेलीं आहेत, आणि सरकारनें जेथें तशी अधिसूचना काढिली असेल तेथें परवान्यावांचून तीं बाळगणें गुन्हा ठरतो. शिवाय १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाप्रमाणें मनाईहुकूम लागू असतां कोणतेंही शस्त्र घेऊन बाहेर फिरतां येत नाहीं. जत्रेच्या व निवडणुकीच्या दिवसांत असे हुकूम वारंवार निघतात. ज्यास आपला बांध राखावयाचा आहे त्यानें कारागृहांत जाऊन तो राखला जाणार नाहीं.

आतां मूळ शास्त्रभागाकडे येऊं.

प्रभूनें पूर्वीं शिष्यांस थैली, झोळी व वाहाणा ह्यांवांचून पाठविलें होतें, आणि त्यांस कशाचीही उणीव पडली नाहीं, हें त्यांनीं स्वमुखें कबूल केलें. आतां शेवटच्या रात्रीं तो त्यांस सांगतो कीं, दिवस पालटले आहेत. ज्याच्याजवळ थैली आहे त्यानें ती घ्यावी, आणि तरवार नसेल त्यानें वस्त्र विकून ती घ्यावी. हें वस्त्र म्हणजे अंगावरचें पांघरूण. आमच्या गरीब बांधवांस ह्याचा अर्थ पंडितांपेक्षां अधिक कळेल, कारण घोंगडी विकणें म्हणजे काय तें त्यांस ठाऊक आहे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें गरिबाचें पांघरूण गहाण घेतलें असल्यास तें सूर्य मावळण्यापूर्वीं परत द्यावें लागे, कारण रात्रीं अंगावर घेण्यास त्याजवळ दुसरें कांहीं नसे (निर्गम २२.२६-२७). अर्थात् प्रभु म्हणतो तें हें कीं, येणारी रात्र अशी आहे कीं मनुष्यास थंडीची शुद्ध राहणार नाहीं. आणि लागलीच तो कारणही सांगतो: तो स्वतः अपराध्यांत गणला जाणार असें जें यशयाच्या पुस्तकांत लिहिलें आहे, तें आतां पूर्ण होत आहे.

शिष्यांनीं हें ऐकून काय केलें? जवळ काय आहे तें शोधिलें, व येथें दोन तरवारी आहेत म्हणून दाखविल्या. प्रभूनें पुरे म्हणून उत्तर दिलें. कित्येक टीकाकार म्हणतात, पुरे म्हणजे ह्या दोन तरवारी पुरत. कित्येक म्हणतात, पुरे म्हणजे हें बोलणें आतां पुरे करा. आमचा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे. पण पहिला अर्थ घेतला तरी हिशेब करून पाहा. अकरा मनुष्यें, दोन तरवारी, आणि समोरून तरवारी व सोटे घेऊन येणारा मोठा जमाव. ज्यास लढावयाचें आहे तो दोन तरवारी पुरत असें म्हणणार नाहीं.

आणि आपल्या शब्दांचा अर्थ प्रभूनें त्याच रात्रीं स्वतः करून दाखविला. गेथशेमाने बागेंत शिष्यांनीं तरवार चालवावी काय असें विचारिलें; उत्तर येण्यापूर्वींच एकानें ती चालविलीही. लूकानें त्याचें नांव दिलें नाहीं. योहानानें दिलें आहे. तो पेत्र होता, आणि ज्याचा उजवा कान तुटला त्या दासाचें नांव मल्ख. तो सेनापति नव्हता, याजक नव्हता. कोणाच्या तरी घरचा चाकर होता, धन्यानें पाठविलें म्हणून आलेला. तरवारीचा पहिला वार बहुधा अशाच मनुष्यावर पडतो. प्रभूनें शस्त्र आवरण्यास सांगितलें हें मत्तय, लूक व योहान ह्यांच्या शुभवर्तमानांवरून मिळून समजतें. परंतु त्यानें कानास हात लावून तो बरा केला, ही गोष्ट एकट्या लूकानें लिहिली आहे. लूक वैद्य होता, म्हणून जखमेचें पुढें काय झालें हें विचारल्यावांचून त्याच्यानें राहवलें नसावें. वधस्तंभापूर्वीं प्रभूनें केलेलें शेवटचें बरें करणें तें हेंच, आणि ती जखम आपल्याच शिष्याच्या शस्त्रानें झालेली होती. थोड्याच वेळानें त्याचे हात बांधले गेले. मोकळ्या हातांनीं त्यानें जें शेवटचें काम केलें तें पेत्राच्या तरवारीनें केलेलें निस्तरण्याचें काम होतें. त्या तरुणानें अडतिसावें वचन वाचलें, तेथेंच न थांबतां एकावन्नाव्यापर्यंत वाचावें, एवढीच आमची त्यास विनंति आहे.

कोणी म्हणेल, मग एहूदाचें काय? शास्ते ह्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायांत एहूदानें आपल्यासाठीं हातभर लांबीचें दुधारी शस्त्र केलें, तें उजव्या मांडीवर वस्त्राखालीं बांधिलें, कारण तो डावखोरा होता, आणि मवाबाचा राजा एग्लोन ह्याच्या पोटांत तें मुठीसकट खुपसलें. आमच्या कट्यारीसारखेंच तें जवळून चालविण्याचें हत्यार होतें. ही गोष्ट शास्त्रांत आहे, आणि तेथें असेंही लिहिलें आहे कीं लोकांनीं आरोळी केल्यावर परमेश्वरानेंच एहूदास उभें केलें. आम्ही हें झांकून ठेवूं इच्छित नाहीं. परंतु एक संपूर्ण राष्ट्र अठरा वर्षें परक्या राजाच्या जुलमाखालीं होतें तेव्हांची ती गोष्ट आहे. दोन शेतांमधील हातभर बांधाची नव्हे. आणि शस्त्र बांधणारा शास्त्रांत एहूद एकटाच नाहीं. यवाबानेंही तें बांधिलें होतें. त्यानें अमासास भाऊ म्हणून क्षेम विचारिलें, चुंबन घेण्यास उजव्या हातानें त्याची दाढी धरिली, आणि दुसऱ्या हातांतील शस्त्र अमासाच्या ध्यानांतच आलें नाहीं (२ शमुवेल २०.८-१०). पुढें हाच यवाब जिवाच्या भयानें परमेश्वराच्या वेदीचीं शिंगें धरून उभा राहिला, आणि तेथेंच मारिला गेला. सदऱ्याखालीं कट्यार बांधून उपासनेस येणाऱ्या आमच्या बंधूनें आपण एहूद आहों असें समजण्यापूर्वीं, आपण यवाब तर होत नाहीं ना, हें पाहावें.

शस्त्र मुळींच धरूं नये असें क्वेकर व मेनोनाईट मंडळ्या मानितात. दुसऱ्या कित्येक मंडळ्या रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायावरून राज्याधिकाऱ्याच्या हातीं तरवार असणें योग्य मानितात. त्या जुन्या वादांत आज शिरण्याचें प्रयोजन नाहीं, कारण आमचा तरुण राज्याधिकारीही नाहीं व रणांगणांतही नाहीं. नियमशास्त्रानें रात्रीं घर फोडतांना सांपडलेल्या चोरास मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष ठेविला नाहीं, पण सूर्य उगवल्यावर मारिलें तर दोष ठेविला (निर्गम २२.२-३). म्हणजे अंधारांत अकस्मात् आलेलें संकट वेगळें, आणि दिवसाढवळ्या जपून ठेविलेला राग वेगळा, हें परमेश्वरानें त्या काळींच शिकविलें होतें. आधीं विकत घेऊन, आधीं पाजवून, आधीं कमरेस बांधून ठेविलेली कट्यार कोणत्या रागाची आहे हें आम्हीं सांगण्याची गरज नाहीं.

पहिल्या शमुवेलाच्या तेराव्या अध्यायांतही धार लावण्याची एक गोष्ट आहे. आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनींच ती ध्यानपूर्वक वाचिली असेल. शौलाच्या दिवसांत इस्राएलांत लोहार उरला नव्हता. पलिष्ट्यांनींच तशी तजवीज केली होती, कीं ह्यांनीं तरवारी करूं नयेत. म्हणून प्रत्येक इस्राएली शेतकऱ्यास आपला फाळ, कुदळ व कुऱ्हाड पाजविण्यासाठीं खालीं पलिष्ट्यांकडे जावें लागे. त्याचें मोल तेथें 'पीम' असें दिलें आहे. ह्या शब्दाचा अर्थ जुन्या भाषांतरकारांस लागत नसे, म्हणून ते तेथें कानस किंवा असाच कांहीं अर्थ करीत. पुढें विसाव्या शतकांत पालेस्तीन देशाच्या जमिनींतून लहान दगडी वजनें निघालीं, त्यांवर हाच शब्द कोरलेला होता. तेव्हां कळलें कीं पीम म्हणजे सुमारें दोन तृतीयांश शेकेल, आजच्या मापानें पाऊणशें नव्हे तर साडेसात-आठ ग्रॅम रुपें. एका फाळाच्या धारेस एवढें रुपें! शत्रु धार लावून देई आणि पैसे घेई. आणि लोक रांगेनें जात.

बंधूंनो, आमच्या गांवांतील भांडणें कोणाच्या साणेवर धार घेतात, ह्याचा विचार करा. दोन भाऊबंद बांधावरून बोलेनासे होतात. एक जण येऊन ह्याला म्हणतो, तो तुला भित्रा समजतो. तोच संध्याकाळीं त्याला जाऊन म्हणतो, हा तुझ्यावर टपला आहे. तिसरा दारू पाजतो. चौथा खटल्यास पैसे उसने देतो व सातबारा जवळ ठेवून घेतो. पांचवा मतें मागण्यास येतो, आणि त्यास दोन तटांपैकीं एक हवाच असतो. ह्या सर्वांनीं मिळून धार लावावयाची, आणि तिचें मोल मात्र दोन घरांनीं द्यावयाचें. एकानें मसणवटींत, दुसऱ्यानें तुरुंगांत. त्या तरुणाच्या शेळ्यांचे पैसे बाजारांत गेले एवढाच हा खर्च नाहीं.

आणि जिभेचें काय म्हणावें? चौसष्टाव्या स्तोत्रांत जीभ तरवारीसारखी पाजविणाऱ्यांची गोष्ट आहे. ज्यांनीं जन्मांत कट्यार पाहिली नाहीं अशा कित्येक सभासदांनीं, आणि क्षमा असावी, कित्येक वडीलजनांनींही, ती मंडळीच्या सभेंत चालविलेली आम्ही पाहिली आहे. एवढें बोलून हा विषय येथेंच सोडितों.

वर तंजावरचें नांव आलें, म्हणून तेथील एक हकीकत सांगतों. ज्या गांवीं मराठी राजांचें तें शस्त्रागार होतें त्याच गांवीं ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ नांवाचे मिशनरी राहत. ते १७५० सालीं ह्या देशांत आले व १७९८ सालीं तंजावरासच प्रभूच्या ठायीं निजले. १७७९ सालीं मद्रासच्या इंग्रज अधिकाऱ्यांनीं त्यांस श्रीरंगपट्टणास हैदरअलीकडे बोलणीं करण्यास पाठविलें. पुढल्याच वर्षीं युद्ध पेटलें, तरी ह्या पाद्रीस कोणीं अडवूं नये असा हुकूम हैदरानें आपल्या लोकांस दिला होता. त्या युद्धाच्या दिवसांत तंजावरच्या किल्ल्यांत अन्नाचा दुष्काळ पडला. बाहेर रयतेजवळ धान्य होतें व बैलही होते. परंतु पूर्वीं त्यांचें घेऊन मोल दिलेलें नव्हतें, म्हणून राजाच्या शब्दावर कोणी येईना, आणि किल्ल्यांतील तरवारींच्या भयानें तर मुळींच येईना. श्वार्ट्झसाहेबांनीं मोल मी देईन असें सांगितलें, तेव्हां एक-दोन दिवसांत सुमारें एक हजार बैल मिळाले व धान्य किल्ल्यांत आलें. त्यांनीं दिलेला शब्द पाळला. ते वारल्यावर सरफोजी राजांनीं फ्लॅक्समन ह्या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून तेथील उपासनामंदिरांत बसविलें. त्यांत मृत्युशय्येवरील वृद्ध पाद्रींचा हात राजानें आपल्या हातांत धरिलेला दाखविला आहे.

उपदेशक बंधूंनो, आतां तुमच्याशीं थोडें वेगळें बोलावयाचें आहे. आपल्याही हातीं एक दुधारी शस्त्र दिलेलें आहे. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायांत देवाचें वचन सांधे व मज्जा ह्यांपर्यंत शिरणारें म्हटलें आहे. कट्यारीचें टोंक नेहमीं धरणाराच्या अंगापासून दूर, समोरच्याकडे असतें. पुष्कळ उपदेशक वचनही तसेंच धरितात. टोंक नेहमीं श्रोत्यांकडे. आपल्याकडे कधींच नाहीं. मग ऐकणारांस जखम होते, शस्त्रक्रिया होत नाहीं. ज्या वचनानें शनिवारीं रात्रीं आपल्या स्वतःच्या मनाचा कांहीं छेद केला नाहीं, तें रविवारीं दुसऱ्यावर चालविण्याची आपणांस काय घाई? आणि बोथट लोखंडास धार लावली नाहीं तर अधिक जोर करावा लागतो, असें जें उपदेशक ह्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायांत सांगितलें आहे, त्याची प्रचीति आपल्या उपासनांत नेहमीं येते. ज्यानें आठवडाभर शास्त्र उघडलें नाहीं तो रविवारीं फार मोठ्यानें ओरडतो. त्या तरुणानें बाविसाव्या अध्यायावर बोट ठेविलें तेव्हां आमच्या बंधूंस उत्तर सुचलें नाहीं, ह्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. न सुचल्यावर त्यांनीं ओरडा न करितां पत्र लिहिलें, हेंच उत्तम केलें.

भगिनींनींही हें आपलें काम नव्हे असें समजूं नये. नाबालानें दावीदाचा अपमान केला तेव्हां दावीद चारशें मनुष्यांस तरवारी बांधावयास लावून निघाला होता, व नाबालाच्या घरचा एकही पुरुष सकाळपर्यंत राखणार नाहीं अशी त्यानें शपथ घातली होती. नाबालाची बायको अबीगईल हिनें नवऱ्यास न विचारितां गाढवांवर दोनशें भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पांच रांधलेलीं मेंढरें, हुरडा, मनुका व अंजिरांच्या ढेपा लादल्या आणि ती डोंगराच्या आडून त्यास सामोरी गेली (१ शमुवेल २५). तिनें दावीदास त्याच्या रागाविषयीं दोष दिला नाहीं. उद्यां राजा झाल्यावर उगीच रक्त सांडल्याची टोंचणी त्याच्या मनास लागेल, एवढेंच तिनें त्याच्या लक्षांत आणून दिलें. दावीदानें तिच्या हातचें घेतलें, आणि तिला सुखानें घरीं धाडिलें. त्या तरुणाच्या घरींही आई असेल, बायको असेल. आणि बांधापलीकडच्या घरींही असेल. दोन पुरुष बोलत नसले तरी त्या दोघी पाणवठ्यावर भेटतच असतील.

आतां काय करावें तें सांगतों. त्या तरुणाचें भय खोटें नाहीं, म्हणून त्याची कट्यार काढून घेऊन त्यास एकटा सोडूं नये. रात्रीं तो पाणी धरण्यास जाईल तेव्हां मंडळींतील दोघांनीं तरी पाळीनें त्याच्याबरोबर जावें. गुरें सोडल्याची व धमकीची फिर्याद पोलीस ठाण्यांत लेखी द्यावी, आणि तिची पोंच घ्यावी. बांधाविषयीं भूमि अभिलेख कार्यालयांत मोजणीचा अर्ज करावा. फी त्यास जड जात असेल तर ती मंडळीनें द्यावी, कारण दोन शेळ्या त्यानें आधींच विकल्या आहेत. मोजणीच्या दिवशीं प्रतिपक्षासही बोलवावें, व खुणा रोवितांना दोघांच्या हातून दगड बसवावे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत सांगितल्याप्रमाणें प्रथम उपदेशकानें त्यास एकट्यास गांठून बोलावें, मग दोघां-तिघांनीं. समोरचा मनुष्य ख्रिस्ती नाहीं असें पत्रावरून दिसतें. तरी त्याच्या घरीं जाण्यास त्यामुळें कांहीं हरकत नाहीं, आणि जातांना हात मोकळे असावेत.

कट्यार विहिरींत टाकूं नये. उन्हाळ्यांत पाणी आटलें म्हणजे ती पोरांच्या हातीं लागते. ती पुनः बाजारांतही विकूं नये, कारण तिथें ती दुसऱ्या एखाद्या भ्यालेल्या तरुणाची वाट पाहत बसेल. ती गांवच्या लोहाराकडे न्यावी. उपदेशकानें बरोबर जावें. त्यास एकट्यास पाठवूं नये. लोहार पितळी मूठ वेगळी काढील आणि पातें भट्टींत घालील. लोखंड हलकें निघालें तरी त्याचें खुरपें होईल, आणि चांगलें निघालें व रुंदी पुरली तर दोन होतील. पाणी कसें द्यावें तें लोहारास ठाऊक असतें. दोन झालीं तर एक कोणाच्या घरीं द्यावें, हें त्या तरुणासच ठरवूं द्यावें.